ओबोनच्या रात्री आईबरोबर : तोकुशिमा, गुजो हाचिमान आणि क्योतो

ऑगस्टमध्ये जपानला कशाला जाताय, उकाड्याने हैराण व्हाल, असं भेटेल त्याने सांगितलं होतं. उकाडा होताच, ३६ डिग्री आणि हवा अशी दमट की सकाळी वाळत घातलेला रुमाल संध्याकाळीही ओलाच. पण ओबोन ऑगस्टच्या मध्यावरच येतो ना. घरातल्या गेलेल्या माणसांचे आत्मे या दिवसांत घरी येतात, राहतात, मग त्यांना निरोप द्यायचा, आणि त्यांच्या निमित्ताने देशभर गावोगावी रात्री रस्त्यावर नाच चालतो. आईला हाताने घडवलेल्या दागिन्यांचं वेड, मला नाचाचं, आणि माझी मावसबहीण (आमची ताई) गेली बरीच वर्षं नागोयाला आहे, तिने स्पष्ट सांगितलं की थिएटरातला नाच पुढे कधीही बघता येईल, पहिल्यांदा येताय तर ओबोनलाच या.

१२ ऑगस्ट, तोकुशिमा

शिकोकू बेटावरचं तोकुशिमा म्हणजे आवा ओदोरी या ओबोनच्या नाचाचं गाव. मुख्य कार्यक्रम १२ ते १५ ऑगस्ट असतो आणि त्या दिवसांत गावात खोली मिळणं जवळजवळ अशक्यच, म्हणून आम्ही ताकामात्सुला राहिलो, तिथून उझुशिओ नावाची एक्सप्रेस तासाभरात तोकुशिमाला सोडते. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मात्र स्टेशनवर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा, सणात वेळा बदलतात.

स्टेशनाबाहेर पडलो तेव्हा चार वाजले होते, नाच सुरू व्हायला अवकाश होता आणि तरी लांबून कुठूनतरी काने नावाच्या छोट्या पितळी घंटेचा ठोका ऐकू येत होता. संध्याकाळी मोठ्या मंडपांमधून एकामागून एक पथकं जातात, पथकाला म्हणतात रेन. काही मंडपांना तिकीट असतं, काही फुकट. आम्ही एका तिकिटाच्या मंडपात बसलो आणि मग उरलेली रात्र गल्ल्यांमधून फिरलो, आणि मला विचाराल तर गल्ल्याच जास्त भारी, कारण तिथे नाचणारी माणसं हातभर अंतरावरून जातात, ढोल थेट छातीत वाजतो.

बायकांचा नाच बघून आई गप्पच झाली. डोक्यावर दुमडलेली अमिगासा, म्हणजे गवती विणीची टोपी, ती इतकी पुढे झुकलेली की चेहऱ्याची फक्त हनुवटी दिसते, हात सतत डोक्याच्या वर, आणि पायात लाकडी गेता, त्याही पुढच्या टोकावर उभ्या राहून, पूर्ण रस्ता. पुरुषांचा नाच याच्या उलट, गुडघे वाकवून, कंबर खाली, हातात पंखा किंवा कंदील. ताल एकच, दोन मात्रांचा, शामिसेन (तीन तारांचं वाद्य), बासरी, ढोल आणि काने. मधूनच "यात्तो सा, यात्तो यात्तो" अशी आरोळी. नाचणारे वेडे, बघणारेही वेडे, मग वेडेच आहोत तर नाचलेलं बरं, अशा अर्थाचं त्यांचं जुनं पद आहे, ते गाणारे लोक बघणाऱ्यांकडे हात करूनच गातात.

जेवणाचं म्हणाल तर तोकुशिमा रामेन प्रसिद्ध आहे, डुकराच्या हाडांचा सोयासॉसवाला गडद सूप आणि वर कच्चं अंडं, मी खाल्लं, मला आवडलं. आई शाकाहारी. तिच्यासाठी ताईने आधीच जपानीत एक कार्ड लिहून पाठवलं होतं, मांस नको, मासे नको, माशाचा दाशीसुद्धा नको. हे कार्ड शाकाहारी माणसाने करून घ्याच, कारण नुसतं "भाजी" सांगितलं तर भाजी येते पण ती शिजलेली असते बोनितो माशाच्या पाण्यात. एका स्टॉलवरच्या काकूंनी कार्ड दोनदा वाचलं, आत गेल्या, आणि आईसाठी इथल्या जाडसर हांदा सोमेन, म्हणजे शेवया, नुसत्या बर्फाच्या पाण्यात घालून, वर मीठ आणि सुदाची पिळून आणले. सुदाची हे इथलं छोटं हिरवं लिंबू, जपानातलं जवळपास सगळं सुदाची याच भागात पिकतं. आईने दुसरी वाटी मागितली.

१३ ऑगस्ट, नीळ आणि मग रस्ता

सकाळी तोकुशिमाजवळच्या आइझुमी गावात आइ-नो-याकाता म्हणून निळीचं म्युझियम आहे तिथे गेलो, जुन्या नीळ-व्यापाऱ्याचा प्रचंड वाडाच आहे तो. इथे कळलं की काल बघितलेल्या नाचाचा आणि या निळीचा जवळचा संबंध आहे. योशिनो नदीला दरवर्षी पूर यायचा, भात टिकायचा नाही, पण नीळ वादळांच्या मोसमाआधी कापून होते आणि पुराने आणलेल्या गाळात जोमाने वाढते. त्या निळीने इथले व्यापारी गब्बर झाले आणि नाचावर पैसा उधळला. पानं ओली करून, उलथापालथ करत शंभरेक दिवस कुजवतात, त्याला सुकुमो म्हणतात, मग लाकडाच्या राखेच्या पाण्यात आंबवून रंगाचा हौद तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वस्त नीळ बाहेरून आली आणि हा धंदा बसला, आणि ती आधी आली होती आपल्या भारतातून, त्यानंतर जर्मन रासायनिक नीळ. तिकडे आपले शेतकरी नीळ पिकवून पिचत होते आणि इकडे त्याच निळीने यांचे हौद रिकामे पडले. आई त्या फलकासमोर बराच वेळ उभी होती.

रुमाल स्वतः रंगवता येतो. हौदातून बाहेर काढला की आधी मातकट हिरवा दिसतो आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होत जातो. किती वेळा बुडवायचा त्यावर निळ्याच्या छटा ठरतात. हातमोजे देतात, घाला, नाहीतर नखं बरेच दिवस निळी राहतात. दुकानात निळीत रंगवलेल्या लाकडी मण्यांचे कानातले होते, एकाच माळेत फिक्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत. दोन जोड घेतले आणि आईने तिथेच एक घातला.

संध्याकाळी नाचायचंच होतं. सणात निवाका-रेन असतं, म्हणजे कुणीही, कुठल्याही कपड्यांत, नाव न नोंदवता ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जमायचं, तिथे नामांकित रेनमधली माणसं पाच-दहा मिनिटं शिकवतात आणि सगळ्यांना मंडपात घेऊन जातात. उजवा पाय पुढे तेव्हा उजवाच हात पुढे, डावा पाय तेव्हा डावा, एवढंच. ऐकायला सोपं आहे, पण आपली चाल आयुष्यभर उलटी असते त्यामुळे सुरुवातीला शरीर ऐकत नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका होत्या, हिरोशिमाकडून आलेल्या, त्यांनी आईची मनगटं धरून वर उचलली आणि खुणेने सांगितलं, खांद्याच्या खाली येऊ द्यायची नाहीत. दिव्यांच्या त्या रस्त्यावरून दोन्ही बाजूंच्या हजारो माणसांमधून आई हात वर करून नाचत गेली, कपाळावर घाम, कानात निळे मणी, आणि मी तिच्या मागे.

गर्दीशिवाय बघायचं असेल, किंवा ऑगस्टमध्ये जमत नसेल तर बिझान डोंगराच्या पायथ्याशी आवा ओदोरी काइकान आहे, तिथे वर्षभर नाच असतो (त्याला तिकीट आहे पण थोडंच) आणि शेवटी प्रेक्षकांना स्टेजवर बोलावतात. तिथूनच डोंगरावर रोपवे जातो.

१४ ऑगस्ट

दिवसभर प्रवास, बस, मग शिनकानसेन, नागोया. ताईच्या घरी वरण-भात आणि बटाट्याची भाजी. झोपलो.

१५ ऑगस्ट, गुजो हाचिमान, रात्रभर

या ट्रिपमधला माझा सगळ्यात लाडका भाग हा, त्यामुळे जरा जास्तच लिहिणार आहे.

नागोयाहून बसने दीडेक तासावर डोंगरात, नद्यांच्या संगमावर वसलेलं हे छोटं गाव. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसहून जास्त रात्री इथे नाच असतो आणि त्यातल्या १३ ते १६ ऑगस्टच्या रात्री पहाटेपर्यंत. या नाचाला २०२२ मध्ये जपानातल्या इतर काही लोकनृत्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. जुनी गोष्ट अशी सांगतात की इथल्या सरदाराने सांगून ठेवलं होतं, बोनच्या चार दिवसांत सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी कोण ते न बघता सगळ्यांनी एकत्र नाचायचं. खरंखोटं काही असो, आजही तसंच चालतं. आवा ओदोरीत मंडप आहे, प्रेक्षक आहेत. इथे प्रेक्षकांना जागाच नाही. रस्त्याच्या मधोमध लाकडी याकाता, त्यात गाणारे-वाजवणारे बसलेले, आणि भोवती माणसांची लांबच लांब कडी.

दुपारी पोचलो तर पुलावरून गावातली मुलं खाली नदीत उड्या मारत होती आणि रस्त्याकडेच्या दगडी पाटांमधून थंडगार पाणी वाहत होतं. आधी गेता घेतल्या. दुकानात तळवा वेगळा, कापडी पट्टा वेगळा निवडायचा आणि मग बसून आपल्या पायाच्या मापाने पट्टा ओवून देतात. गुजोच्या नाचात गेताचा आवाज हेही एक वाद्यच आहे, त्यामुळे रबर लावलेल्या नकोत असं ताईने बजावलं होतं. ताई आणि मी युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, नेसलो, आई तिच्या सुती साडीत. युकाता नेसताना डावी बाजू नेहमी वर घ्या, उलटं फक्त मृतांना नेसवतात, आणि ओबोनच्या दिवसांत तरी हे चुकवू नका.

दुकानांत खाद्यपदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती दिसतात, हॉटेलच्या काचेमागे असतात त्या. हा धंदा जपानात मोठा करणारे इवासाकी ताकिझो याच गावचे. मेणापासून तेम्पुरा करून बघण्याचे छोटे वर्गही आहेत. ताईच्या लेकीसाठी आम्ही इवल्याशा कोळंबी-तेम्पुराचे कानातले घेतले, ते बघून दुकानदारच खूश झाला.

आठ वाजता 'कावासाकी' सुरू झालं. गुजोचे एकूण दहा नाच, प्रत्येकाचं गाणं वेगळं, पावलं वेगळी. 'कावासाकी' संथ, हात चंद्राकडे बघितल्यासारखा वर जातो. 'हारुकोमा' म्हणजे घोडा, लगाम ओढल्यासारखे हात आणि जोरात पाय, तरुण पोरं त्यात अक्षरशः उधळतात. 'नेको नो को' मांजराच्या पिल्लाचा, रेशीमकिडे पाळणाऱ्या घरांत उंदीर मारायला मांजर हवंच असायचं, तिथला. 'याच्चिकू'मध्ये १७५० च्या दशकातल्या इथल्या शेतकऱ्यांच्या उठावाची कहाणी गातात, त्या उठावानंतर इथल्या सरदाराची जहागीर गेली होती. शिकवणारं कुणी नसतं. आतल्या कड्यात गावातली मुरलेली माणसं असतात, त्यांच्याकडे बघत बाहेरच्या कड्यात नाचायचं, तीन-चार फेऱ्यांत पावलं बसतात.

आणि इथे आई सुटलीच. अख्खा श्रावण मंगळागौरीची जागरणं केलेली बाई ती, झिम्मा, पिंगा, बसफुगडी, एकीने गाणं उचलायचं आणि बाकीच्यांनी टाळी धरायची, ते सगळं अंगात मुरलेलं. महिनाही तोच, जागरणही तेच. तिने पावलांकडे बघणं सोडून टाळ्यांकडे लक्ष दिलं आणि माझ्या आधी तिला 'कावासाकी' आलं. तिच्या पुढे नाचणाऱ्या आजींनी (ऐंशीच्या तरी असतील, केसांत काळ्या लाखेची एकच काडी, टोकाला लाल मणी) मागे वळून बघितलं, आईची साडी बघितली, आणि पुढची निदान चार गाणी त्या मुद्दाम हळू, मोठे हात करून नाचल्या, आईला दिसावं म्हणून.

साडेअकराच्या सुमाराला पाऊस आला, चांगला धो धो. मला वाटलं आता संपलं. गाणं थांबलं नाही, कडी तुटली नाही, काही लोकांनी प्लॅस्टिकचे रेनकोट चढवले आणि बाकीचे तसेच भिजत नाचत राहिले, ओल्या रस्त्यावर गेतांचा आवाज उलट वाढला. अर्ध्या तासाने पाऊस गेला आणि त्या उकाड्यात पहिल्यांदा गार वाटलं. दोनच्या सुमाराला आम्ही पायरीवर बसून भाजलेली मिताराशी दांगो खाल्ली, तांदळाच्या पिठाच्या गोळ्या आणि वर गोडखारट सोयासॉसचा पाक. आईला ताईने घरून आणलेला मेतकूट-भाताचा डबा. त्या आजी येऊन शेजारी बसल्या. मेतकूट चाखलं. ताईने भाषांतर केलं, त्या म्हणाल्या की नवरा गेल्यावर पहिल्या ओबोनला नाचायला आले नव्हते, दुसऱ्या वर्षी आले, कारण तो येणार तर इथेच येणार, घरी कशाला थांबेल.

शेवटचं गाणं 'मात्सुसाका'. त्यात शामिसेन नाही, ढोल नाही, फक्त लाकडी पट्ट्यांचा ठोका आणि आवाज. उजाडत होतं. सगळे थकलेले आणि कुणीच घरी जायला तयार नाही.

टीप : त्या रात्री खोली शोधू नका, मिळत नाही आणि लागतही नाही. सामान मोठ्या गावात ठेवा, टॉवेल, जादा मोजे, पायाच्या बोटांना लावायला बँडेज (नव्या गेता घासतात), आणि पहाटेच्या बसचं आधीच रिझर्व्हेशन.

१६ ऑगस्ट, क्योतो, डोंगरावरचा अग्नी

दुपारपर्यंत झोपून मग क्योतो, शिनकानसेनने जेमतेम पाऊण तास. रात्री आठ वाजता शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर एकामागून एक अग्नी पेटवतात, आलेल्या आत्म्यांना वाट दाखवायला. पहिला आणि सगळ्यात प्रसिद्ध दाइमोन्जी, 'मोठा' हे अक्षर, ७५ जागी लाकडं रचून केलेलं, त्यातली सगळ्यात लांब रेघ १६० मीटरची. आम्ही कामो नदीच्या काठावर, मारुतामाचीच्या वरच्या बाजूला सहापासूनच जागा धरली होती. पेटलं तेव्हा शेजारच्या कुटुंबातल्या आजोबांनी हात जोडले, आम्हीही जोडले. मी बाबांसाठी. आई काही बोलली नाही, पण तिने बराच वेळ हात खाली केले नाहीत.

ताईने सांगितलं की दुसऱ्या दिवशी लोक डोंगरावर जाऊन त्यातला कोळसा आणतात, कागदात गुंडाळून मिझुहिकीने बांधून दारावर टांगतात, घरात रोगराई येऊ नये म्हणून. मिझुहिकी म्हणजे कागदाच्या पिळलेल्या रंगीत दोऱ्या, आहेराच्या पाकिटावर बांधतात त्या, आणि आता त्याच्याच गाठी मारून फार सुंदर कानातले करतात. वजनाला काहीच नाही. आणायला यापेक्षा सोपी भेटवस्तू मला सापडली नाही.

१७ ऑगस्ट, रेशमाच्या पाकळ्या

आज आईचा दिवस. त्सुमामी-झाइकू, म्हणजे रेशमी कापडाचे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून, तांदळाच्या खळीवर बसवून केलेली फुलं. माइको, म्हणजे गेइको (क्योतोत गेइशांना गेइको म्हणतात) व्हायला शिकणाऱ्या मुली, केसांत माळतात ती कानझाशी अशीच बनते. वर्ग घेणाऱ्या सेन्सेई मोजकंच बोलणाऱ्या होत्या, आमचा चिमटा धरायचा हात आधी दुरुस्त केला मग कापड दिलं. गोल पाकळी आणि टोकदार पाकळी, मूळ घड्या या दोनच, बाकी सगळी फुलं यातूनच. चौकोन तिरका दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, चिमटा न सोडता कडा मागे वळवायच्या, खाली कापून खळीवर ठेवायचा. खळी जरा जास्त ओली असली तर रेशीम ती पिऊन टाकतं आणि पाकळीचा आकार बसतो. आईच्या पाकळ्या एकसारख्या निघाल्या, सेन्सेईंनी तिच्या पुढ्यात न विचारता आणखी रेशीम ठेवलं.

माइकोच्या केसांतलं फूल दर महिन्याला बदलतं. फेब्रुवारीत उमे (प्लमची फुलं), मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुलं, एप्रिलमध्ये साकुरा, मेमध्ये फुजीचे जांभळे घोस, ऑगस्टमध्ये सुसुकी हे रुपेरी गवत, नोव्हेंबरमध्ये लाल मॅपल. पहिल्या वर्षाच्या मुलीच्या कानाजवळ फुलांच्या लडी लोंबतात, पुढे त्या जातात. म्हणजे नाच बघताना नुसत्या डोक्याकडे बघून महिना कळतो आणि मुलगी किती शिकलीय तेही.

संध्याकाळी कामिशिचिकेनला. क्योतोच्या गेइको-माइकोंच्या वस्त्यांमधली ही सगळ्यात जुनी, कितानो देवळाच्या बांधकामातून उरलेल्या लाकडात सात चहाघरं बांधली होती त्यावरून हे नाव. इथल्या नाट्यगृहाच्या बागेत उन्हाळ्यात बिअर गार्डन चालतं (ओबोनच्या ऐन दिवसांत बंद असतं, तारखा बघून जा) आणि गेइको-माइको युकाता नेसून टेबलापाशी येऊन गप्पा मारतात. आमच्याकडे आलेली माइको अठरा-एकोणीसची असेल. आईने आपलं फूल पर्समधून काढून दाखवलं. तिने दोन्ही हातांत घेतलं, उलटं करून मागची बाजू बघितली, आणि म्हणाली की मागची बाजू स्वच्छ आहे.

नाच स्टेजवरच बघायचा असेल तर वसंतात या, इथे कितानो ओदोरी आणि गिओनमध्ये एप्रिलभर मियाको ओदोरी, १८७२ पासूनची. आणि गिओनच्या खासगी गल्ल्यांत शिरू नका, रस्त्याने जाणाऱ्या माइकोंच्या मागे कॅमेरे घेऊन धावू नका, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत आणि त्या लावायला लागल्या हेच वाईट वाटतं.

१८ ते २०

ताई परत गेली. आम्ही दोघी निवांत, दुपारी उजीच्या माच्चाचा (हिरव्या चहाच्या पुडीचा) बर्फगोळा, संध्याकाळी नदी. एकदा देवळातलं शोजिन, म्हणजे शुद्ध शाकाहारी, जेवण, त्यात आईला काहीच विचारावं लागलं नाही.

२१ ऑगस्ट, तोजीचा बाजार

दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळात बाजार भरतो, कोबो दाइशी या बौद्ध भिक्षूंच्या स्मृतिदिनाचा. हे शिकोकूचेच, तिथल्या ८८ देवळांची यात्रा यांच्याच नावाने. बाजारात जुने कानझाशी, कंगवे, ओबीवर (किमोनोच्या कमरपट्ट्यावर) बांधायच्या दोरीत ओवायचे ओबिदोमे ढिगाने मिळतात. सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन सोसवत नाही. एक महत्त्वाचं, पिवळट-तपकिरी पारदर्शक कंगवे फार सुंदर दिसतात पण ते बऱ्याचदा बेक्को, समुद्री कासवाच्या कवचाचे असतात, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, घेऊ नका. आईने काचेचा एक ओबिदोमे घेतला, साडीच्या पदराला लावायला.

मग देवळाच्या कोदो सभागृहात गेलो, इथे वेगळं तिकीट आहे, काढाच. आत २१ मूर्ती. एका टोकाला हत्तीवर बसलेला ताइशाकुतेन, म्हणजे आपला इंद्र. दुसऱ्या टोकाला हंसांवर बोन्तेन, आपला ब्रह्मदेव. आई एकेकाला ओळखत, नाव घेत पुढे जात होती आणि तिथले राखणदार काका तिच्या मागे मागे, ती हिंदू नावं पुन्हा पुन्हा म्हणायला लावत.

बाजारातल्या ओबिदोमेवाल्या बाईंनी आईचा आवा ओदोरीचा व्हिडिओ बघून सांगितलं होतं की १ ते ३ सप्टेंबरला तोयामाजवळ यात्सुओला कोक्यू या गजाने वाजवायच्या वाद्यावर, फार संथ असा ओवारा नाच असतो, तो बघितला नाही तर काय बघितलं. आमचं विमान दुसऱ्या दिवशीचं. आईने विमानातच ताईला काय लिहायचं ते सांगितलं, खोल्या वर्षभर आधी जातात म्हणे, आत्ताच बघून ठेव.